तांदळातलं नाव

माझ्या नाकाच्या शेंड्यावर राग बसलेला असायचा. आई म्हणायची, "ह्याला सरकारी नोकरी लागली तर एक तर हा टिकणार नाही, नाहीतर सरकार." दोघंही टिकलो. पण त्या नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी, बहात्तर सालच्या उन्हाळ्यात, माझ्या तोंडून एक वाक्य गेलं, आणि त्याची लाज मला आज पन्नास वर्षांनंतरही वाटते. तेच सांगायला बसलोय. कुणाचीही नावं लिहिणार नाही. बरीचशी विसरलोय. एक नाव मात्र पक्कं आठवतं, आणि ते तर मुळीच लिहिणार नाही. ते माझं नाही.

मी नगरचा, मास्तरांच्या घरातला. मॅट्रिक झालो, टायपिंगच्या दोन परीक्षा दिल्या आणि जिल्ह्याच्या पार पूर्वेकडच्या एका तालुक्याला, दस्त नोंदणीच्या कचेरीत नक्कल कारकून म्हणून चिकटलो. खर्ड्याकडे जाणारी एसटी कचेरीसमोरून जायची. ती गेली की टेबलावरच्या कागदांवर फुफाट्याचा थर बसायचा, आणि मी तो झटकत एसटीला, तालुक्याला आणि मला इथं पाठवणाऱ्या साहेबाला शिव्या घालायचो. कचेरीत मुख्य काम जमिनींचं. खरेदीखतं, गहाणखतं, वाटणीपत्रं. पण भिंतीकडच्या एका लाकडी कपाटात लग्नांच्या नोंदीही असत.

त्या कपाटाला कोण विचारतंय? खेड्यात सगळ्या गावासमोर अक्षता पडल्या, पंगती उठल्या, आता सरकारला आणखी काय पुरावा द्यायचा! नोंदी असायच्या त्या बहुतेक नोकरदारांच्या आणि मिलिटरीतल्या पोरांच्या. पलटणीत कुणीतरी त्यांना सांगितलेलं असायचं, की बाबा रे, लग्न केलंस तर कागद करून ठेव. मग ते पोर सुट्टीत येऊन छापील नमुना आपल्या हातानं भरायचं, भटजींची सही आणायचं आणि कचेरीत देऊन जायचं. आम्ही ते नमुने वर्षावार शिवून ठेवायचो. शिवाय एक सूचीची वही होती. तिच्यात अनुक्रमांक, नवऱ्याचं नाव, नवरीचं नाव आणि गाव. एवढंच.

डिसेंबरातली लढाई झाली, आणि त्यानंतर त्या कपाटाची किल्ली जरा जास्त फिरायला लागली.

किल्ली अण्णांच्या जानव्याला असे. अण्णा आमचे हेडक्लार्क. रिटायर व्हायला दोन वर्षं राहिलेली. कानानं जरा कमी, त्यामुळे आवाज असा खणखणीत, की त्यांनी हळू आवाजात सांगितलेली गोष्टही समोरच्या हॉटेलात ऐकू जायची.

नक्कल तेव्हा हातानं व्हायची. अर्ज यायचा, त्यावर स्टँप, मग शोध, मग मी टाकानं मुळाबरहुकूम कागद उतरवायचो, आणि शेवटी रुजवात. रुजवात म्हणजे एकानं मूळ कागद मोठ्यानं वाचायचा आणि दुसऱ्यानं नकलेवर बोट ठेवून शब्द न् शब्द ताडून बघायचा. ती झाल्याशिवाय 'खरी नक्कल' हा शिक्का पडत नसे. मला रुजवातीचा भयंकर कंटाळा. मीच लिहिलंय, मला दिसतंय, मग पुन्हा बिगरीतल्या पोरांसारखं मोठ्यानं कशाला? अण्णा म्हणायचे, "डोळा लबाड असतो रे. त्याला जे बघायचंय तेच तो बघतो. कानाला ती अक्कल नाही." मी मनात म्हणायचो, तुमच्या कानाला तर नाहीच.

वैशाख होता. आदल्या साली पावसानं दगा दिलेला, व्हरांड्यातल्या रांजणात पाणी तळाला गेलेलं. अण्णा जेवायला घरी गेले होते. माझी खाणावळ एकाला बंद व्हायची आणि पावणेएक वाजला होता. अशा वेळी दोघी आल्या.

पुढे सासू होती, पन्नाशीची, उन्हानं रापलेली. मागे सून, विशीच्या आसपासची. दोघींचीही कपाळं मोकळी.

"भाऊसाहेब, लग्नाची नक्कल पायजेल," सासू म्हणाली, आणि कापडी पिशवीतून एक लखोटा काढला. पत्र इंग्रजीत होतं, खाली गावच्या मास्तरांनी शिसपेन्सिलीनं मराठीत उतरवून दिलेलं. मुलगा लढाईत गेलेला. तो भरती झाला तेव्हा लग्न व्हायचं होतं, म्हणून पलटणीच्या कागदांवर वारस म्हणून आईचं नाव होतं, बायकोचं नव्हतंच. बायकोला पेन्शन द्यायची तर लग्नाच्या नोंदीची खरी नक्कल पाठवा, असं त्यांनी कळवलं होतं.

"माज्या नावावर नगं," ती म्हणाली. "मी आज हाय, उद्या न्हाई. मालक बी गेल्यात. हिच्या नावावर झालं पायजे. दोन दीर हायेत, पन मी डोळं मिटल्यावर हिला कोन इचारतंय? लेकरू न्हाई, बाळ न्हाई."

मी अर्ज पुढं ओढला. "नवऱ्याचं नाव सांगा," मी सुनेला म्हणालो. तिनं सासूकडे बघितलं. मला घड्याळ दिसत होतं. "अहो बाई, तोंड आहे ना? इथं काय उखाणा घ्यायचाय?" सासूनं पटकन मुलाचं नाव सांगितलं, बापाचं, आडनावासकट. मग मी सुनेचं नाव विचारलं, तेही सासूनंच सांगितलं. ते लिहिलं. मी काही अगदीच बावळट नव्हतो. आपल्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलतात हे मला ठाऊक होतं, म्हणून मी माहेरचं नावही विचारून घेतलं. माझ्या हुशारीवर खूष होऊन मी सूचीची वही उघडली.

नवऱ्याचं नाव लगेच सापडलं. बापाचं नाव बरोबर, आडनाव बरोबर, गाव बरोबर. पुढचा रकाना बघितला, नवरीचं नाव. तिथं तिसरंच. माहेरचं नाही, सासरचं नाही, दोन्हींच्या जवळपासही नाही. पुन्हा बघितलं. घामानं वहीला बोट चिकटत होतं, पोटात कावळे ओरडत होते. आणि मी म्हणालो,

"मावशी, तुमच्या मुलाचं लग्न नोंदलेलं आहे. पण ह्या बाईशी नाही. ती दुसरीच कुणीतरी आहे."

उचलली जीभ आणि लावली टाळ्याला!

सासू पुढं सरकली. "दुसरी? दुसरी कोन?"

"ते मला सांगता येत नाही. अर्ज ह्यांच्या नावाचा, नोंद दुसरीच्या नावाची." नियमाचं मला तेव्हा भारी कौतुक, आणि तोही नियम मला अर्धाच ठाऊक.

सून रडली नाही. दाराच्या चौकटीला धरून बाहेर गेली आणि व्हरांड्यात रांजणाशेजारी खाली बसली. तिच्या पाठीला भिंत होती तरी ती भिंतीला टेकली नाही. नवरा जाऊन पाच महिने झाले होते, आणि आता मी तिच्याकडून जे उरलं होतं तेही काढून घेतलं होतं. हे मला आज कळतं. त्या वेळी मला फक्त भूक लागली होती, खोटं कशाला बोलू.

सासूनं टेबलाची कड दोन्ही हातांनी धरली. "भाऊसाहेब, तोंड सांभाळून बोला. माजं लेकरू तसलं न्हवतं." मग आवाज एकदम खाली आला, बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून. "नीट बगा की वो. येक डाव नीट बगा."

"वही खोटं बोलत नाही, मावशी."

ती बाहेर गेली. रांजणातलं पाणी तळातून खरवडून काढल्याचा आवाज आला. पदराचा शेव भिजवून ती सुनेचं तोंड पुसत होती. "कुनी का निगंना," ती म्हणाली. "माजी सून तूच. आयकलं का? कागुद काय बी बोलू दे."

"आत्याबाई, घरी चला," सून म्हणाली. तिचा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. "मला काय बी नगं. नक्कल नगं, पेन्शन नगं. चला."

"चारशिवाय यष्टी न्हाई. आन् मी बी न्हाई उटत हितनं."

खाणावळ गेली. मी तसाच बसून राहिलो. दीडच्या सुमाराला अण्णा सुपारी चघळत आले. व्हरांड्यातल्या दोघींकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि टोपी काढायच्या आतच विचारलं, "काय केलंस?"

मी सांगितलं.

"पान उघडलंस?"

"किल्ली तुमच्या जानव्याला."

"मी पाच घरं टाकून राहतो, काशीला नव्हतो गेलो!" अण्णांचा आवाज चढला. "सूची म्हणजे दाराची कडी. आत कोण बसलंय ते कडीला काय ठाऊक? शहाणा!"

मला उलटून बोलायचं होतं, आणि बोललोही असतो. तेवढ्यात सासू दारात आली. "साहेब, ती कोन का आसंना, त्या पानाची मला नक्कल द्या. माज्या पोरानं काय केलं, ते माजं मला कळू द्या."

मी म्हणणार होतो, असं देता येत नाही. अण्णांनी माझ्याकडे न बघताच सांगितलं, "देता येते. ही सार्वजनिक नोंद आहे, फी भरून कुणीही नक्कल मागावी. नवीन अर्ज घे ह्यांचा." त्यांनी जानव्याची किल्ली सोडवली, कपाट उघडलं, त्या वर्षाचा गठ्ठा काढला आणि नेमकं पान उघडून माझ्यासमोर ठेवलं. "लिही. आणि आता तू मधे बोलू नकोस. कागदाला बोलू दे."

सासूचा अंगठा घेतला. लिहायला बसलो.

नमुना त्या मुलानं स्वतःच भरलेला होता. सातवी पास हात. अक्षर मोठं, गोल, प्रत्येक शब्द जपून ठेवल्यासारखा. कुठं खाडाखोड नाही. त्याचं नाव, वय, धंदा लष्करी नोकरी. मग नवरीचं ते तिसरंच नाव, तिच्या बापाचं नाव, गाव. मी उतरवत गेलो. तिच्या बापाचं नाव बाहेर बसलेल्या बाईला विचारावं, हे माझ्या डोक्यात आलं नाही. येणार कसं? डोळ्याला जे बघायचं होतं ते त्यानं आधीच बघितलं होतं. उलट मला त्या मेलेल्या माणसाचा राग येत होता. बघा, म्हटलं, अक्षर किती नीटस आणि काम काय केलंय.

अर्ध्या तासानं नक्कल झाली. अण्णांनी मूळ पान हातात घेतलं, चष्मा लावला, मी नकलेवर बोट ठेवलं. दार सताड उघडं होतं. रुजवात सुरू झाली.

अण्णा नेहमीसारखे खणखणीत वाचायला लागले. वराचे नाव. बाहेर सासूनं तोंडाला पदर लावला असणार, एक हुंदका आला. वय. धंदा. राहणार. मी बोट सरकवत होतो. मग वधूचे नाव, असं म्हणून अण्णांनी ते नाव वाचलं. मोठ्यानं, स्पष्ट, मधे जरासं थांबून, कुणाला हाक मारावी तसं.

"ओ!"

व्हरांड्यातून आवाज आला.

मी बोट थांबवलं. अण्णांनाही तो ऐकू गेला, म्हणजे बघा. "कोण ओ म्हणालं?" त्यांनी विचारलं.

दारात सून उभी होती. कधी उठली तिचं तिलाच कळलं नसावं. डोक्यावरचा पदर खांद्यावर आलेला, चेहरा उजळलेला, जशी काही कामात असताना कुणी मळ्यातून हाक मारली आणि ती धावत आली. एक क्षण ती अशीच होती. मग तिला समोर अण्णा दिसले, मी दिसलो, आणि हाक मारणारा दिसला नाही. तिनं तोंडावर हात दाबून धरला.

सासू तिच्या मागे येऊन उभी राहिली होती.

"तू का गं ओ दिली?" सासूनं विचारलं. आवाजात राग नव्हता. भीती होती.

सुनेनं मान खाली घातली. "ते मला त्याच नावानं हाक मारायचे," ती म्हणाली. "कुनी जवळ नसलं म्हंजे."

"त्या नावानं? पन ते तर म्या मोडलं हुतं!"

"तुमी मोडलं," सून म्हणाली. "त्यांनी न्हाई."

सासू तिथंच उंबऱ्यावर बसली. हसावं का रडावं ते तिला कळत नव्हतं, आणि तिनं दोन्ही केलं. मग अण्णांना आणि मला तिनं सगळं सांगितलं. वरात घरी आली, लक्ष्मीपूजन झालं. तांदूळ त्यांच्याकडे सणासुदीचाच, तर शेजारणीकडून ताटभर आणलेला. मुलानं अंगठीनं त्या तांदळात बायकोचं नवं नाव लिहिलं, स्वतःच्या मनानं, कुणाला न विचारता. कुणीतरी ते वाचून दाखवलं आणि सासूनं कपाळाला हात लावला. ते नाव हिच्या थोरल्या जावेचं! जी घरात सगळ्यांत मोठी, जिच्यापुढं हिनं कधी मान वर केली नाही, तिचं.

"आता तुमीच सांगा साहेब. थोरलीच्या नावानं सुनंला हाक कशी मारायची? 'आगं, भांडी घास', 'आगं, शेन काड' म्हनायचं थोरलीच्या नावानं? रागवायचं कसं? म्या ताटावर हात फिरवला आन् दुसरं नाव लिवाया लावलं. पोरगं गप बसलं. मला वाटलं, मिटलं."

मिटलं नव्हतं. तीच सुट्टी संपायच्या आत तो आमच्या कचेरीत येऊन गेला होता. छापील नमुन्यात खरं तर नवरीचं लग्नाआधीचं नाव लिहायचं असतं. त्यानं ते लिहिलं नाही, आईनं ठेवलेलंही लिहिलं नाही. आईनं तांदळातलं मोडलेलं नाव त्यानं शाईनं लिहून ठेवलं, जिथं कुणाचा हात फिरणार नाही अशा जागी. घरी कुणाला सांगितलं नाही. बायकोलाही नाही.

"मला म्हनले हुते," सून हळू आवाजात म्हणाली, "सरकारात तुजं नाव लिवलंय. मला वाटलं, थट्टा करत्यात. पत्रात तर कदी लिवत न्हवते माजं नाव. पत्र गुरुजी वाचायचे ना मोठ्यानं. सगळ्यास्नी नमस्कार, येवडंच."

मी चुकलो म्हणायला तोंड उघडलं, पण अण्णांनी मला हातानं गप्प केलं. त्यांनी जे केलं ते मी त्या आधी कधी बघितलं नव्हतं आणि नंतरही नाही. मूळ पानाला पक्षकाराचा हात लागता कामा नये, हा अण्णांचा नियम. त्या नियमावरून त्यांनी एकदा चांगल्या पुढाऱ्यालाही कचेरीबाहेर काढलं होतं. त्यांनी तो गठ्ठा टेबलावर तिच्या बाजूला फिरवला. "ये पोरी. बघ."

ती जवळ आली. लिहिता-वाचता येत नव्हतंच. "ह्यातलं माजं कोन्तं?" तिनं मला विचारलं. मला, ज्यानं तिला दोन तासांपूर्वी तोंड आहे ना म्हणून विचारलं होतं. मी बोट दाखवलं. तिनं हात लुगड्याला पुसले, मग एका बोटानं त्या शब्दावरून हात फिरवला, डावीकडून उजवीकडे, अगदी हळू. मग पुन्हा. "ह्ये त्यांच्या हातचं?" मी हो म्हणालो. "आन् त्यांचं नाव?" मी तेही दाखवलं. दोन ओळींमध्ये वीतभरसुद्धा अंतर नव्हतं. ती वाकून बघत राहिली. अण्णा खिडकीकडे तोंड करून चष्मा पुसत होते, आणि मी माझ्या टाकाचं टोक पुसत होतो. टोक कोरडंच होतं.

"पन साहेब," सासू एकदम भानावर आली, "पलटनीला ह्ये कसं पटायचं? रेशनकारडावर येक, ग्रामपंचायतीत येक, हितं तिसरंच. तेबी ह्या भाऊसाहेबावानी म्हनले, ही दुसरी कुनी, तर?"

ते खरं होतं. नक्कल हाती आली तरी ही बाई तीच, हे कुणीतरी शपथेवर सांगायला हवं होतं. अण्णांनी मला मजकूर सांगितला: ही तिन्ही नावं एकाच बाईची, आणि तांदळात लिहिलेलं नाव मी स्वतः मोडलं होतं, असं सासूचं प्रतिज्ञापत्र. असला मजकूर मी जन्मात लिहिला नव्हता. मी तो मोठ्यानं वाचून दाखवला. 'मोडलं' ह्या शब्दाशी सासूनं मला थांबवलं. मला वाटलं, नको म्हणेल. चारचौघांत, सरकारात, आपण सुनेचं नाव मोडलं हे कोणती सासू लिहून देईल?

"नीट लिवा," ती म्हणाली. "चूक माजी हुती, आसं बी लिवा."

"त्याची गरज नाही, मावशी."

"मला हाय."

लिहिलं. शेजारच्या तहसील कचेरीत अण्णा स्वतः त्यांना घेऊन गेले, शपथ झाली, शिक्के पडले. खर्ड्याची गाडी यायच्या वेळेला मी दोघींना पाणी दिलं. समोरच्या हॉटेलातून कळशी भरून आणली होती, मीच. आणि मग मी म्हणालो, "मावशी, माझं चुकलं. बाई, माझं चुकलं."

सून नुसती हसली. एवढंसं. सासू म्हणाली, "चुकलं तर चुकलं लेकरा, मानूस हाय. पन म्होरल्या बाईला पान उगडून सांग." तेवढ्यात गाडी आली, फुफाटा उडाला, आणि त्या दिवशी मी तो झटकला नाही.

पुढचं साल दुष्काळाचं होतं हे नगरकडच्या माणसाला सांगायला नको. विहिरींचे तळ दिसले, गावंच्या गावं सरकारी कामावर खडी फोडायला बसली. माघ-फाल्गुनात असेल, एका दुपारी कचेरीच्या दारात सासू उभी. वाळली होती, पण डोळे तेच. तिनं कागदाची पुडी माझ्या टेबलावर ठेवली. कामावर मिळते ती सुकडी होती. स्वतःच्या वाट्याची राखून, पाच कोस तुडवून ती माझ्यासाठी आणली होती. मला आधी रागच आला. "अहो, तुम्हाला खायला नाही आणि मला कशाला?"

"गप खा," ती म्हणाली. "पेन्शनचा कागुद आला. त्येच सांगाया आले. अन्नांना बी बोलवा."

अण्णा आले. ती सांगायला लागली. पोस्टमन सायकल घेऊन थेट कामावर आला, हातात सरकारी लखोटा. त्यावर तेच नाव. मुकादमानं हजेरीपट बघितला, अशी बाई नाही म्हणाला. बायांना विचारलं, कुणी ओळखेना. पोस्टमननं सायकल वळवली. सासू लांब ढिगाऱ्यावर होती, तिला उशिरा कळलं.

"त्येची सायकल वळली. सून खाली खडी फोडीत हुती, तिला काय आयकू जाईना. मंग म्या काय केलं, ढिगावर हुबी ऱ्हायले आन् वरडले त्या नावानं. तीस वर्सांत थोरलीचं नाव तोंडातनं काडलं न्हवतं मी. समद्या गावाम्होरं वरडले."

"मग?" अण्णांनी कानामागे हात धरला.

"मंग काय! दोगींनी ओ दिली. हिनं खडी फोडता फोडता, आन् थोरली बाभळीखाली बसली हुती, तिनं."

अण्णा हसायला लागले. मीही. पण ती हसत नव्हती.

"थोरली काठी टेकीत आली माज्याम्होरं. मला वाटलं, आता माजं काय खरं न्हाई. म्या पाय धरलं, समदं सांगितलं. तांदूळ, नक्कल, समदं. तर थोरली म्हनली काय, आगं येडे, नाव काय वापरून झिजतंय? मला तर म्हातारीला ह्या नावानं कुनी हाकच मारीत न्हाई गं. आई गेली तवापस्नं न्हाई. ज्यो त्यो थोरली, थोरली. आज लई दिसांनी आयकलं, म्हनून तर ओ दिली."

तिनं पदरानं डोळे पुसले, अण्णांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि मग तिच्या चेहऱ्यावर हसू आलं.

"आता घरात त्याच नावानं हाक मारती मी सुनंला. रोज. दोगी बी ओ देत्यात. कामाला मातर येकच येती."